तळं दरवर्षी पुन्हा हिरवं होतंय? गोल्फ मैदानावरून वाहणाऱ्या पाण्याचा माग

तक्रार नेहमी एकाच तऱ्हेने येते. पहिला जोराचा पाऊस होतो, मैदान धुऊन निघतं, सगळे खूश. मग आठ-दहा दिवस लख्ख ऊन पडतं आणि सातव्या होलजवळच्या तळ्यावर कडेकडेने हिरवी साय धरायला लागते. पंधरवड्यात ती मध्यापर्यंत पोचते, वास सुटतो, कोणीतरी फोटो काढून पाठवतं. मोरचूद (कॉपर सल्फेट) पडतो, कारंजं सुरू होतं, पाण्यात निळा रंग मिसळला जातो. महिन्याभरात तळं बरं दिसायला लागतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, फक्त आठवडाभर आधी.

गोल्फ मैदानांवरच्या गवताचं आणि पाण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. या तक्रारीत जवळजवळ दर वेळी एकच गोष्ट दिसते: इलाज तळ्यावर चाललेला असतो आणि तळ्यात पाणी कुठून येतं ते कोणी पाहिलेलंच नसतं. रोग म्हशीला नि औषध पखालीला. म्हणून खालचं बहुतेक लिखाण पाण्याचा माग काढण्याबद्दल आहे. तळ्यात टाकायच्या औषधांचा नंबर शेवटी लागेल.

मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर आधी हे

मग मागबिग नंतर. उजाडायच्या आत तळ्यावर जा आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजा. दिवसाचा आकडा फसवा असतो. उन्हात शेवाळ स्वतःच प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं, आणि सूर्य उगवायच्या जरा आधी पातळी सगळ्यात खाली असते. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो. २ च्या आसपास ते मरायला लागतात. हवा मारायचं यंत्र असेल तर ते रात्री चालवा. कित्येक ठिकाणी कारंजं दिवसा शोभेसाठी चालतं आणि रात्री वीज वाचवायला बंद असतं, म्हणजे गरज असते नेमकं तेव्हाच नाही.

मासे भर दुपारी मरत असतील तर कारण वेगळं असू शकतं. दाट शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपवतं आणि सामू (पीएच) ९ च्या वर चढतो. पाण्यात अमोनिया असेल तर त्यातला विषारी हिस्सा त्यासोबत झपाट्याने वाढतो: २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना तो एक टक्क्याहूनही कमी असतो, सामू ९ ला एक तृतीयांशाच्या वर. अशा वेळी गेल्या आठवड्यात अमोनियम सल्फेट किंवा युरिया कुठे टाकला होता ते आधी विचारा.

आणि अशा दिवशी मोरचूद अजिबात नको. शेवाळ एका दमात मरतं, कुजतं, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतं. वाचलेले मासे मग मोरचुदाच्या नावावर जातात. निळं-हिरवं शेवाळ असेल तर आणखी एक भानगड: त्याच्या पेशी फुटल्या की आतलं विष पाण्यात मोकळं होतं.

ते निळं-हिरवं आहे का, हे ढोबळमानाने जागेवर कळतं. हातमोजे घाला आणि एक काठी पाण्यात फिरवून वर काढा. काठीला हिरवे लांब धागे लोंबले तर ते तंतूंचं साधं शेवाळ असण्याचा संभव जास्त. काठी रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी माखून आली आणि लोंबलं काहीच नाही, तर सावध व्हा. मग पारदर्शक बाटली पाऊण भरा, झाकण लावा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगताना दिसला तर निळं-हिरवं असण्याची शक्यता दाट. पक्कं उत्तर सूक्ष्मदर्शकच देईल. ते येईपर्यंत तळ्यात उतरून चेंडू काढणाऱ्यांना थांबवा, कुत्री पाण्यापासून लांब ठेवा आणि त्या तळ्यातून चालणारे फवारे बंद करा. फवाऱ्याचे बारीक थेंब श्वासातून आत जातात, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

किती खत पुरतं? फारच थोडं

गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा स्फुरदावर (फॉस्फरसवर) अडलेली असते. याचा सगळ्यात बोलका पुरावा १९७३ चा आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडदा टाकला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नत्र (नायट्रोजन) दिलं. एकाच बाजूला त्यासोबत स्फुरदही दिलं. स्फुरदाची बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी तशीच राहिली. वरून घेतलेला तो फोटो एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

आता आपल्या तळ्याचं गणित करू. अर्ध्या हेक्टरचं तळं, सरासरी खोली २ मीटर, म्हणजे १०,००० घनमीटर पाणी. लिटरला साधारण ०.०३ मिलिग्रॅमच्या पुढे एकूण स्फुरद गेलं की तळं पोषकद्रव्यांनी फुगायला लागतं. म्हणजे एवढ्या सगळ्या पाण्याला त्या रेषेवर न्यायला लागतं ३०० ग्रॅम स्फुरद. फक्त ३०० ग्रॅम.

१८:४६ डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो 'स्फुरद' लिहिलेलं असतं, पण ते ऑक्साइडच्या रूपात मोजलेलं. त्याला ०.४४ ने गुणलं की खरं मूलद्रव्य निघतं, साधारण १० किलो. म्हणजे ३०० ग्रॅमसाठी दीड किलो डीएपी पुरे. खत टाकायच्या गाडीने तळ्याच्या काठावर वळण घेताना खत फेकणारी तबकडी बंद केली नाही तर तेवढं थेट पाण्यात उडतं. कापलेल्या गवतातही हाच माल आहे: सुक्या गवतात स्फुरद सुमारे ०.४ टक्के धरलं तर ३०० ग्रॅमला ७५ किलो सुकं, म्हणजे ताजं तीन-साडेतीनशे किलो गवत. ग्रीनवरच्या (झेंड्याभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवरच्या) गवताच्या टोपल्या रोज काठाच्या झुडपांमागे रिकाम्या होत असतील तर हा आकडा गाठायला फार दिवस लागत नाहीत.

हे गणित मी प्रत्येक नव्या ठिकाणी कागदावर मांडून दाखवतो. 'आम्ही खत फार वापरत नाही' हे वाक्य त्यानंतर ऐकू येत नाही.

छत्री घेऊन पावसात जा

हा सगळ्यात स्वस्त तपास, आणि लोक टाळतात तो हाच. कोरड्या दिवशी तळ्याभोवती दहा फेऱ्या मारून जे दिसत नाही ते पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासात दिसतं.

माझ्या एका जागेची गोष्ट सांगतो. तळ्याभोवती आठ मीटरचा पट्टा न कापलेल्या उंच गवताचा ठेवला होता. फेअरवेवरून, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या लांब हिरवळीवरून, येणारं पाणी त्यात मंदावतं, गाळ खाली बसतो, गाळाला चिकटलेलं स्फुरद तिथेच राहतं. काम अगदी नीट केलेलं. तरी दोन वर्षांत फरक शून्य. तिसऱ्या वर्षी मी भर पावसात काठावर उभा राहिलो. पट्टा आपलं काम चोख करत होता, त्यातून पलीकडे जेमतेम पाणी येत होतं. आणि दहा पावलांवर, लव्हाळ्याच्या मुळाशी, पाण्याच्या पातळीला लागून एक काळा प्लॅस्टिकचा पाइप मनगटाएवढ्या धारेने तळ्यात ओतत होता. पाणी नितळ, काचेसारखं. गढूळ असतं तर कोणीतरी कधीच विचारलं असतं. स्वच्छ दिसतंय म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांत खुपलंच नव्हतं.

ग्रीनची रचना ठाऊक असेल तर यात नवल नाही. अमेरिकी गोल्फ संघटनेने १९६० मध्ये पहिल्यांदा छापलेल्या आराखड्याच्या धर्तीवर आजही पुष्कळ ग्रीन बांधले जातात: वर साधारण ३० सेंटिमीटर वाळूचं मिश्रण, खाली १० सेंटिमीटर खडी, आणि खडीत निचऱ्याचे पाइप. पाऊस थांबल्या-थांबल्या खेळता यावं म्हणून पाणी भराभर खाली जाईल अशीच ती योजना. वाळू काही धरून ठेवत नाही. नायट्रेट ऋणभाराचं, म्हणून चिकणमातीलाही चिकटत नाही, वाळूची तर गोष्टच सोडा. स्फुरद एरवी जमिनीतल्या लोह-ॲल्युमिनियमला धरून राहतं, पण धुतलेल्या वाळूत तेही नावापुरतंच. मैदानाच्या एकूण क्षेत्रात ग्रीन असतात दोन-तीन टक्के, मात्र दर चौरस मीटरमागे सर्वांत जास्त खत नि औषध त्यांच्यावरच पडतं. आणि तिथलं पाणी जमिनीखालून, तुमच्या सुंदर गवती पट्ट्याच्या पोटाखालून, थेट तळ्यात जातं.

त्या पाइपमध्ये आणखी एक गंमत होती. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी धार सकाळी दहाच्या सुमारास जोर धरायची आणि अर्ध्या तासाने ओसरायची. दहाला काय होतं? यंत्रं धुतली जातात. धुण्याच्या फरशीवर जो माणूस होता त्याला विचारलं, "हे पाणी कुठे जातं हो?" त्याने जाळीकडे बोट दाखवलं. "जातं की खाली. तुंबत नाही कधी." नकाशा कुणाकडे नव्हता. मग जाळीत शोधकामाचा फ्लुरोसीन रंग ओतला आणि मी पाइपापाशी जाऊन बसलो. अकराव्या मिनिटाला धार चमकदार हिरवी झाली. कधीतरी, कोणीतरी, फरशीवर पाणी साचतं म्हणून ती जाळी जवळच्या निचऱ्याच्या पाइपला जोडून दिली होती. कापणी यंत्रांना चिकटलेला गवताचा लगदा, तेल, फवारणीच्या टाकीचं खळखळून टाकलेलं पाणी, सगळं रोज सकाळी तळ्यात.

तेव्हा पावसात जाल तेव्हा प्रत्येक तोंड शोधा: पाइप, ओघळ, बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) फुटलेली वाट, गाडीरस्त्याच्या कडेची पन्हळ. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच फेरीवर जा. वरून वाहणारं पाणी तासाभरात आटतं. जे तोंड तिसऱ्या दिवशीही वाहतंय ते जमिनीखालून येतंय. आणि अजिबात पाऊस नसताना वाहतंय ते माणसाच्या हातून येतंय, मग धुणं असो की फुटलेली सिंचनाची नळी.

नमुने, आणि आकड्यांतला घोळ

तळ्याच्या मध्यातून कोरड्या दिवशी घेतलेला एक नमुना कपाटात ठेवायच्या अहवालापुरता ठीक असतो. नमुना हवा तोंडापाशी, पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासात, मग काही तासांनी आणि मग दुसऱ्या दिवशी, कारण वरच्या पाण्याचा जोर आधी येतो आणि निचऱ्याच्या पाइपचा मागून. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागवा. घरच्या बाटल्या साबणाने धुतल्या जातात आणि काही साबणांत फॉस्फेट असतं. मग तुम्ही तळं मोजत नाही, साबण मोजता. बाटली भरली की अंधारात, बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवसाच्या आत पोचवायची. विरघळलेलं स्फुरद वेगळं हवं असेल तर नमुना जागेवरच गाळून घ्या, नाहीतर बाटलीतलं शेवाळ वाटेतच ते खाऊन टाकतं.

अहवाल आला की सगळ्यात आधी एकक पाहा. 'नायट्रेट ४४' आणि 'नायट्रेट-नत्र १०' हे एकच पाणी आहे. पहिल्यात अख्खा नायट्रेट रेणू मोजलाय, दुसऱ्यात त्यातलं फक्त नत्र, भागिले ४.४३. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची ५० मिलिग्रॅमची मर्यादा नायट्रेटची आहे, अमेरिकेची १० ची मर्यादा नत्राची. फॉस्फेटचा आकडा ३.०७ ने भागला की स्फुरद मिळतं. दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून 'यंदा प्रदूषण चौपट कमी झालं' असा निष्कर्ष मी सभेत ऐकलेला आहे. फक्त एकक बदललं होतं.

आणखी एक खूणगाठ बांधा: पिण्याची मर्यादा आणि तळ्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी. पाणी पिण्याच्या नियमात आरामात बसतं आणि तरी तळं हिरवं होतं.

नुसता तीव्रतेचा आकडाही पुरत नाही. पाणी किती येतं तेही हवं. त्यासाठी बादली आणि घड्याळ. समजा १० लिटरची बादली पाइपाखाली ८ सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला सव्वा लिटर. पाण्यात लिटरला ०.४ मिलिग्रॅम स्फुरद असेल तर सेकंदाला अर्धा मिलिग्रॅम. दिवसाला ४३ ग्रॅम. सात दिवसांत ३०० ग्रॅम. तोच आकडा. एक पाइप, एक आठवडा, आणि तळं रेषेवर.

प्रत्येक तोंडाचं असं गणित मांडलं की यादीत बहुधा एक-दोनच तोंडं मोठी निघतात. तिथूनच सुरुवात करायची.

वरच्या बाजूची दुरुस्ती

खतापासून. मातीची तपासणी न करता स्फुरद टाकणं बंद. जुन्या मैदानांत वर्षानुवर्षांच्या मिश्रखतांमुळे स्फुरद गरजेहून कितीतरी जास्त साठलेलं असतं. माती तपासायच्या मेहलिक-३ पद्धतीने दशलक्ष भागांत २१ च्या वर स्फुरद असेल तर गवताला तूर्त जास्तीचं लागत नाही, अशी किमान-पोषण मार्गदर्शिका बरीच मैदानं हल्ली वापरतात. माझा अनुभवही तोच: दोन-तीन वर्षं शून्य स्फुरद दिलं तरी जुन्या गवताचा रंग ढळत नाही, कारण हिरवेपणा येतो तो नत्र आणि लोहाने. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २००५ पासून हिरवळीच्या खतात स्फुरदावर राज्यभर बंधन घातलं, त्यात गोल्फ मैदानांना सूट ठेवली ती कर्मचारी प्रशिक्षित असतील तरच. नव्याने पेरलेल्या गवताची गोष्ट मात्र निराळी. त्याला स्फुरद लागतं, आणि मुळं धरेपर्यंत धूपही सर्वांत जास्त तेव्हाच होते. ते काम मोठ्या पावसाच्या तोंडावर काढू नका.

नत्र थोडं थोडं द्या. वाळूच्या ग्रीनवर एका वेळी चौरस मीटरला अर्धा ग्रॅमच्या आसपास, आठवड्या-दोन आठवड्यांनी, फवारून. महिन्याचा हप्ता एकदम दिला आणि दुसऱ्या दिवशी ढग फुटला तर गवताला एक घास मिळतो आणि तळ्याला अख्खं ताट. फेअरवेवर लेप दिलेलं सावकाश विरघळणारं खत चालतं. दाणेदार खत टाकल्यावर ५ मिलिमीटरच्या आसपास हलकं पाणी देऊन ते खाली जिरवायचं; पुढच्या दोन दिवसांत जोराचा पाऊस दिसत असेल तर पोतं उघडायचंच नाही. खताच्या गाडीला काठाकडची बाजू बंद करणारी झडप असते. ती वापरतात का, हे एकदा मागून चालत जाऊन पाहा.

सिंचनाला शुद्ध केलेलं सांडपाणी वापरत असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी म्हणजे हेक्टरला २५० घनमीटर. त्यात लिटरला १० मिलिग्रॅम नत्र आणि २ मिलिग्रॅम स्फुरद असेल तर आठवड्याला हेक्टरी अडीच किलो नत्र आणि अर्धा किलो स्फुरद न मागता पडतं. दहा आठवड्यांत २५ किलो आणि ५ किलो. खताच्या वेळापत्रकातून हे वजा करायला हवं. वजा केलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

धुण्याची फरशी तर आधी तोडा, म्हणजे पाइपापासून. यंत्र पाण्याने धुण्याआधी दाबाच्या हवेने गवत झटकून काढा, तेही फरशीबाहेर, गवतावर. उरलेलं पाणी तळ्यापासून लांब, गवताच्या उथळ खळग्यात पसरू द्या. फवारणीच्या टाकीचं खळखळून काढलेलं पाणी त्यात नको. ते पातळ करून, ज्या गवतावर औषध फवारलं तिथेच पुन्हा फवारायचं.

वाटेतली दुरुस्ती

वरून वाहणाऱ्या पाण्यासाठी न कापलेला पट्टा उत्तम, पण गवताची उंची एकदम बदलण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने वाढवली तर पाणी जास्त अडतं. ओघळ पट्ट्याला एकाच जागी फोडून जात असेल तर पट्ट्याची रुंदी वाढवून काही होत नाही. आधी पाणी पसरवा. उंच गवतात चेंडू हरवतात म्हणून आरडाओरडा होईल. तो होऊ द्या.

पाइपसाठी पट्टा निरुपयोगी हे वर आलंच. त्यावर मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे पाइप तळ्यापर्यंत नेऊच नये. काठापासून पंधरा-वीस मीटर अलीकडे तो कापून उघडा करायचा आणि पाणी उथळ, गवताच्या चरात किंवा छोट्या पाणथळीत सोडायचं. आम्ही वरच्या जागी तेच केलं. उतार पुरेसा नसेल तर हे जमत नाही, मग गाळण्या बांधाव्या लागतात. नायट्रेटसाठी लाकडाच्या ढलप्या भरलेला खंदक: पाणी त्यातून तासन्‌तास सावकाश गेलं की प्राणवायू नसलेल्या जागी जिवाणू नायट्रेटचा नत्रवायू करून टाकतात. हा खंदक स्फुरदाला हात लावत नाही, उलट नव्या ढलप्या सुरुवातीला थोडं स्फुरद सोडतातही. स्फुरदासाठी वाळूत लोखंडाचा कीस मिसळलेली गाळणी, वजनाने ५ ते ८ टक्के कीस. ती अधूनमधून कोरडी व्हायला हवी, सतत बुडालेली राहिली तर धरलेलं स्फुरद परत सोडू शकते. दोन्ही आजार असतील तर दोन्ही गाळण्या. एकाच खड्ड्यात सगळं कोंबून 'नैसर्गिक शुद्धीकरण' अशी पाटी लावलेली मी पाहिलीय. पाटी छान होती.

न दिसणारी औषधं

खताचं पाप हिरव्या रंगात दिसतं, कीटकनाशक-बुरशीनाशकांचं दिसत नाही. डायझिनॉनने हिरवळीवर चरणारे हंस-बदकं मोठ्या संख्येने मेल्यावर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८८ मध्ये गोल्फ मैदानांवर त्याचा वापर थांबवला. तिथे पक्षी मेलेले दिसले म्हणून निदान कळलं तरी.

कोणतं औषध खाली झिरपेल याचा अंदाज लेबल आणि माहितीपत्रकावरच्या दोन आकड्यांतून येतो: मातीतलं अर्धायुष्य (निम्मं औषध नाहीसं व्हायला लागणारे दिवस) आणि मातीला चिकटण्याचा गुणांक. चारातून गुणांकाचा लॉग वजा करायचा आणि उरेल त्याला अर्धायुष्याच्या लॉगने गुणायचं. उत्तर २.८ च्या वर गेलं तर ते झिरपणारं, १.८ च्या खाली तर सहसा नाही. अर्धायुष्य ६० दिवस आणि गुणांक ५० असेल तर उत्तर ४ च्या वर येतं. वाळूच्या ग्रीनवर, पावसाच्या दिवसांत, मी तसलं औषध वापरणार नाही. पण न झिरपणारं औषध सुरक्षित असं समजू नका. ते मातीला चिकटतं आणि गाळासोबत वरून वाहतं. तिथे पुन्हा गवती पट्टा कामाला येतो.

गोल्फ मैदान म्हणजे विषाची खाण, हेही मला मान्य नाही. अमेरिकेच्या केप कॉडवर १९८० च्या दशकाच्या अखेरीस चार मैदानांखालचं भूजल तपासलं, तेव्हा नायट्रेट बहुतांश पिण्याच्या मर्यादेत निघालं. दाट हिरवळ पाणी आणि माती उघड्या रानापेक्षा चांगली धरते. गळती असते ती थोड्या, नेमक्या जागांतून, आणि म्हणूनच ती शोधता येते.

आता तळं

येणारं पाणी आटोक्यात आलं, तरी पाऊस नसताना, वारा पडलेल्या उकाड्यात तळं हिरवं होतच असेल, तर माल आतूनच निघतोय. तळाशी प्राणवायू संपला की गाळातल्या लोहाने धरलेलं स्फुरद सुटतं. तळाजवळचं पाणी वेगळं मोजा. वरच्यापेक्षा तिथे स्फुरद बरंच जास्त आणि गाळाला कुजक्या अंड्यांचा वास असेल तर निदान झालं. गाळ उपसणं हा खरा इलाज. ते शक्य नसेल तर तळाशी हवा सोडणं, किंवा ॲल्युमिनियम सल्फेट, म्हणजे तुरटीच्या जातीचं रसायन, जे स्फुरद बांधून तळाशी नेतं. पण त्याने सामू घसरतो. ६ च्या खाली गेला तर विरघळलेलं ॲल्युमिनियम माशांना मारतं. पाण्याची क्षारता मोजल्याशिवाय आणि आधी बादलीत करून पाहिल्याशिवाय तळ्यात ओतू नका.

मोरचूद मी पूर्ण वर्ज्य म्हणत नाही. पण तांबं कुजत नाही, उडून जात नाही. दरवर्षी टाकलेलं दरवर्षी गाळात साठतं, आणि उद्या तो गाळ उपसायची वेळ आली की तो कुठे टाकायचा हा नवाच प्रश्न उभा राहतो. क्षारता लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असलेल्या मऊ पाण्यात तर तो माशांचा घात करतो. टाकायचाच असेल तर एका वेळी तळ्याच्या एक तृतीयांश भागात, आणि मध्ये आठवडाभर सोडून.

फरक दिसायला दोन-तीन पावसाळे द्या. पांढरी-काळी तबकडी दोरीने सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते दर आठवड्याला, त्याच जागी, त्याच वेळी लिहून ठेवा. त्या पाइपवाल्या, सातव्या होलच्या तळ्यात ती पहिल्या वर्षी कोपरभर खोलीवर गायब व्हायची. आता दीड मीटरपर्यंत दिसते, आणि कडेची साय येते ती दोन-चार दिवसांची पाहुणी.

चौदाव्या होलचं तळं मात्र अजून दगा देतं. तिथे पाइप नाही, धुण्याची जाळी नाही, खत नाही म्हणण्याइतकं कमी. आहेत ती दीड-दोनशे बदकं, दिवसभर फेअरवेवर चरणारी आणि रात्री पाण्यात उतरणारी. काठ उंच गवताने झाकला की त्यांना पलीकडचं दिसत नाही आणि ती अशा काठावर उतरायला कचरतात, म्हणून यंदा तिन्ही बाजू वाढू दिल्यात. चौथ्या बाजूला टी (पहिला फटका मारायची जागा) आहे. तिथलं गवत कापूच, असं समितीचं म्हणणं. बदकंही आता तिथूनच उतरतात.